ओटा, ट्रॉली आणि वर्षाची साठवण: सांगलीतल्या घरासाठी किचनची कपाटं कशी ठरवावीत

किचन करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली चर्चा रंगाची होते. कुणाला पांढरं हवं असतं, कुणाला राखाडी. तेवढ्यात ट्रॉलीवाला टेप घेऊन येतो, भिंती मोजतो आणि दोन दिवसांत कोटेशन पाठवतो. शाळूचं पोतं कुठे ठेवायचं हा प्रश्न मात्र कपाटं बसल्यावर निघतो, आणि मग ते पोतं पुढची दहा वर्षं हॉलच्या कोपऱ्यात राहतं. पहिल्यांदाच किचन करून घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. आधी घरातलं सामान मोजा, मग पाण्याचा विचार करा, मग मटेरियल ठरवा. रंग सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: सामानाची मोजदाद

एका संध्याकाळी वही आणि टेप घेऊन जुन्या स्वयंपाकघरात बसा. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला सोबत घ्या. खरं तर वही तिच्याच हातात द्या. सामानाचे तीन भाग करा: रोज लागणारं, आठवड्यातून एकदा लागणारं आणि वर्षाचं.

तयार डिझाइनमध्ये नेमका हा वर्षाचा भाग धरलेलाच नसतो. ती डिझाइनं महिन्याचा किराणा आणणाऱ्या घरासाठी असतात. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत शाळू आणि गहू वर्षाचे भरतात. गावाकडून तांदूळ येतो, शेंगा फोडून दाणे होतात. उन्हाळ्यात कांदा-लसणाची चटणी होते, पापड, कुरडया, सांडगे होतात, लोणच्याच्या बरण्या भरतात. हे सगळं नुसतं आठवून लिहू नका, टेप लावून लिहा. पंधरा किलोचा तेलाचा चौकोनी डबा साधारण साडेनऊ इंच रुंद आणि चौदा इंच उंच असतो. कप्प्याची आतली उंची बारा इंच ठेवली तर तो डबा त्यात कधीच जाणार नाही. चिनी मातीची मोठी बरणी, इडलीपात्र, मोठा कुकर, परात, काठवट, मिक्सर भांड्यासकट या प्रत्येकाची उंची आणि रुंदी लिहून काढा. ताटांचा व्यास मोजा. थाळी-बास्केट घेताना ताट उभं बसून वरचा दांडा अडत नाही ना, हे त्यावरच ठरतं.

धान्याची कोठी प्लायच्या कपाटात बसवायचा हट्ट करू नका. क्विंटलभर धान्याचं वजन पेलायला जमिनीसारखं दुसरं काही नाही. ओट्याच्या एका टोकाला, सिंकच्या विरुद्ध बाजूला, दोन-सव्वादोन फुटांची मोकळी जागा सोडा आणि कोठी तिथे खाली चार इंचांचा स्टँड घालून ठेवा. पुढून हवं तर नुसतं शटर लावा. मागची भिंत बाथरूमची असेल तर ती जागा टाळा, ओल धरून धान्याला वास येतो. डब्यांसाठी कपाट करणार असाल तर अठरा मिलिमीटरची फळीसुद्धा अडीच-तीन फुटांच्या पुढे भरल्या डब्यांच्या वजनाने मध्ये वाकते. मध्ये एक उभी फळी द्यायला सांगा.

माळ्यावर काय जाणार तेही आताच ठरवा. दिवाळीचा सोऱ्या, मोठी पातेली, तांब्या-पितळेची भांडी असं वर्षातून दोनदा लागणारं सामान तिथे ठीक. चटणीची बरणी कधीही नको. स्टुलावर चढून जड बरणी उतरवताना माणूस पडतो.

दुसरी पायरी: पाणी कुठवर येतं?

सांगलीत हा प्रश्न सोडून किचनबद्दल बोलणं खरं नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिलेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, काकानगर या भागांत तळमजल्यावर घर असेल तर खालची कपाटं कशाची करायची हा निर्णय रंग, डिझाइन, बजेट सगळ्यांच्या आधी घ्यावा लागतो. नव्याने राहायला आलात तर शेजाऱ्यांना विचारा, २०१९ ला पाणी भिंतीवर कुठवर होतं. ती खूण आपल्या भिंतीवर पेन्सिलने करा आणि मगच ट्रॉलीवाल्याला बोलवा.

पूरपट्ट्यातल्या तळमजल्यासाठी मी लाकडी किंवा प्लायचा बॉक्स सुचवणार नाही, मग तो कितीही चांगल्या प्लायचा असो. ओट्याखाली कडाप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या उभ्या फळ्या, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे शटर, एवढंच करा. शटर क्लिप-ऑन बिजागरीवर घ्या. या बिजागरीला मागे एक छोटी कळ असते, ती दाबली की स्क्रू-ड्रायव्हरशिवाय शटर हातात येतं. साध्या टेलिस्कोपिक चॅनेलवरची (ट्रॉली ज्यावर आत-बाहेर सरकते ती पट्टी) ट्रॉलीही दोन्ही बाजूंच्या काळ्या प्लास्टिकच्या कळा दाबून, एक वर आणि एक खाली, बाहेर काढता येते. पुलावरची पातळी वाढत असल्याची बातमी आली की घरातली दोन माणसं अर्ध्या तासात सगळी शटरं आणि ट्रॉल्या गच्चीवर नेऊ शकतात. मागे राहतो तो दगड, तो धुऊन निघतो. चॅनेलच्या छऱ्यांत गाळ बसला तर तेवढे चॅनेल बदलायचे, पण ते अख्खं किचन बदलण्यापुढे काहीच नाही. ट्रॉल्या बसवून झाल्या की बसवणाऱ्याकडून त्या काढायला आणि घालायला शिकून घ्या. घरातल्या निदान दोघांना ते जमलं पाहिजे.

विश्रामबाग किंवा मिरजेच्या उंचावरच्या भागात, किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना पुराची काळजी नसली तरी सिंकखालच्या पाण्याची आहेच. किचनची बहुतेक कपाटं तिथूनच सडायला लागतात. सिंकखालचा बॉक्स शक्यतो करूच नका. नुसतं शटर आणि खाली टाइल राहू द्या. गळती लगेच दिसते आणि पुसता येते.

तिसरी पायरी: ओट्याची उंची, आणि भाकरी

बिल्डर सरसकट एका उंचीचा ओटा देतो. तो तुमच्यासाठी केलेला नसतो. ताठ उभं राहून हात कोपरात दुमडा, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईंसाठी हे उत्तर साधारण बत्तीस-तेहतीस इंच येतं, साडेपाच फुटांच्या माणसासाठी पस्तीस-छत्तीसच्या आसपास.

पण चिरणं आणि भाकरी थापणं ही दोन वेगळी कामं आहेत. भाकरी थापताना जोर वरून लागतो आणि परातीची उंची ओट्यात मिळते. म्हणून ओटा पक्का करण्यापूर्वी एक प्रयोग नक्की करा: टेबलावर पुठ्ठे किंवा फळी ठेवून ठरवलेली उंची तयार करा, त्यावर परात ठेवा आणि खरोखर चार-पाच भाकरी थापा. खांदे वर उचलले जात असतील तर ओटा उंच होतोय. पाठीत वाकावं लागत असेल तर कमी. चिरणं आणि थापणं दोन्ही एकाच उंचीला जमत नसेल तर ओट्याच्या एका बाजूला दोन-अडीच फूट रुंदीचा भाग तीन इंच खाली घ्या. मिस्त्री आधी कुरकुर करेल, पण सांगितलं तर करून देतो. रोज दहा-बारा भाकरी करणाऱ्या बाईच्या खांद्यासाठी हा बदल कुठल्याही महागड्या ट्रॉलीपेक्षा मोलाचा आहे.

ओट्याची खोली चोवीस इंच चांगली. वरची कपाटं बारा-तेरा इंच खोल ठेवा, त्याहून जास्त केली तर चिरताना कपाळाला लागतात. ओटा आणि वरचं कपाट यांच्यात वीस ते चोवीस इंच मोकळे हवेत. गॅस आणि सिंक यांच्यात निदान दोन फूट मोकळा ओटा हवा, कारण सगळं चिरणं, मळणं, थापणं तिथेच होतं. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये साडेतीन फूट ठेवा. तीन फुटांत एकच माणूस नीट वावरतो. ट्रॉली बाहेर ओढली की दुसऱ्याला जाता येत नाही. फ्रिजचं दार पूर्ण उघडतं का ते बघा. अर्धंच उघडलं तर आतले भाजीचे कप्पे बाहेर येत नाहीत.

चौथी पायरी: बांधणीची पद्धत

आपल्याकडे मुख्यतः तीन पद्धती चालतात. कडाप्प्याच्या चौकटीत ट्रॉल्या, ही सगळ्यात जुनी, मजबूत आणि स्वस्त. तिच्यात चौकट काटकोनात नसेल तर शटरच्या फटी कमी-जास्त दिसतात, म्हणून कडाप्पा लावतानाच गुण्या लावून घ्या. दुसरी पद्धत म्हणजे प्लाय किंवा बोर्डाचे बॉक्स पायांवर उभे करून वर ग्रॅनाइट. हिची फिनिशिंग सुबक येते, बदल करता येतात, पण सगळं मटेरियलच्या दर्जावर अवलंबून असतं. तिसरी, पूर्ण स्टीलची. वाळवी नाही, ओल नाही, फक्त किंमत जास्त आणि पत्रा पातळ असेल तर आवाज करते.

बजेट बेताचं असेल तर खाली कडाप्पा-ट्रॉली आणि वर प्लायची कपाटं हा मेळ मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. खाली पाणी आणि वजन असतं, वर दोन्ही कमी.

पाचवी पायरी: बोर्ड ओळखायला शिका

फसवणूक होते ती इथे. कोटेशनवर नुसतं ‘वॉटरप्रूफ प्लाय’ लिहिलेलं असतं, आणि त्याला काहीही अर्थ नसतो. आयएस ७१० हे मरीन प्लायचं मानक आहे. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचं. त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर असे प्रकार येतात. एमआर म्हणजे फक्त दमट हवा सोसणारा, तो बेडरूमच्या कपाटाला ठीक. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळतं पाणीही सोसणारा. किचनमध्ये निदान बीडब्ल्यूआर घ्या, आणि सिंकच्या जवळपास ७१०. प्रत्येक शीटवर आयएसआयचा शिक्का, मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. बीआयएस केअर या मोबाइल अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा आहे आणि चालू आहे का ते दिसतं. शीट कापायच्या आधी शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा. कापल्यावर शिक्का असलेला तुकडा कुठे गेला ते कुणालाच सापडत नाही.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चुरा डिंकात दाबून केलेला. साधा एमडीएफ म्हणजे त्याहून बारीक तंतूंचा. दोघेही पाणी प्यायले की फुगतात आणि पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत. एचडीएचएमआर हा जास्त घनतेचा, ओल सोसणारा बोर्ड. शटरसाठी चांगला, कारण सपाट राहतो. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी बोर्ड पाण्याला घाबरत नाही, पण स्क्रूची पकड प्लायइतकी नसते. वर्षभर रोज उघडणाऱ्या शटरची बिजागरी त्यात ढिली होऊ शकते.

ऐकून निवडण्यापेक्षा घरी तपासा. ज्या बोर्डाचं कोटेशन आहे त्याचा वीतभर तुकडा मागून घ्या. कडेची जाडी मोजून त्यावर पेनाने लिहा. रात्रभर बादलीत दगड ठेवून बुडवा, सकाळी पुन्हा मोजा. फुगला, कडेचे थर सुटले किंवा पाण्यात भुसा उतरला तर पुढे बोलायचं कारण नाही. प्लायच्या तुकड्याची कड उन्हात धरून बघा: थरांमध्ये पोकळ्या दिसत असतील तर स्क्रू नेमका तिथे गेला की धरणार नाही. चांगला कारागीर असा तुकडा हसत देतो. द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून काम घेऊ नका.

बोर्ड चांगला असूनही कपाट बिघडतं ते कडेवरून. शटरच्या चारही कडांना एज बँड म्हणजे कड झाकणारी पट्टी हवी, खालच्या कडेलासुद्धा. ती दिसत नाही म्हणून सोडून देतात, आणि फरशी पुसताना पाणी तिथूनच चढतं. सिंकचा पाइप जाण्यासाठी पाडलेलं भोक आणि बिजागरीचा खड्डा कच्चा ठेवू नका. आतून लायनर म्हणजे पातळ लॅमिनेट लावायला सांगा, नुसता रंग नको.

काळ्या रानावरच्या प्लॉटवर नवं घर असेल तर कपाटं बसवण्याआधी वाळवीचं औषध भिंतीच्या कडेने मारून घ्या.

सहावी पायरी: चॅनेल, बिजागरी, ट्रॉली

ट्रॉलीचं स्टील ३०४ आहे की २०२ हे नक्की विचारा. लोहचुंबक लावून बघायची पद्धत आहे, पण त्यावर विसंबू नका. दोन्ही स्टीलना चुंबक फारसं चिकटत नाही, त्यामुळे त्यांच्यातला फरक त्यात कळत नाही. स्टील तपासायच्या द्रावणाचा थेंब टाकून रंग बघतात, ते दुकानदाराला समोर करून दाखवायला सांगा. मीठ, चिंच, ओली भांडी यांच्या सहवासात २०२ काही काळाने गंजाचे ठिपके धरतं.

चॅनेल वजन किती पेलतो हे त्याच्या माहितीत दिलेलं असतं. मसाल्याच्या ट्रॉलीला साधा चालतो; पातेली आणि डाळ-तांदळाचे डबे जिथे जाणार तिथे जास्त वजनाचा घ्या, आणि ट्रॉली तीन फुटांपेक्षा रुंद करू नका. उंची अशी ठेवा: चमचे-मसाल्याला चार ते पाच इंच, वाट्या-पेल्यांना सहा ते आठ, पातेल्यांना दहा ते बारा. तीन फूट उंचीच्या शटरला दोन बिजागऱ्या पुरतात, त्याहून उंचाला तीन, पूर्ण उंचीच्या कपाटाला चार.

कोपऱ्यातल्या फिरत्या ट्रॉलीवर खर्च करावा का, असं बरेच जण विचारतात. माझं मत, करू नये. किमतीच्या मानाने तिच्यात सामान कमी बसतं. कोपरा साध्या शटरचा ठेवा आणि तिथे मोठी पातेली ढकला.

गॅस, वीज, धूर

सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर त्याच्या शटरला तळाशी जाळी किंवा भोकं हवीतच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. फक्त वरच्या बाजूला भोकं केली तर उपयोग होत नाही. त्या कप्प्यात विजेचा पॉइंट नको. सिलिंडर उभाच राहिला पाहिजे आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची घ्या, पाच वर्षांनी बदला, आणि ती ट्रॉलीच्या मागून नेऊ नका.

प्लग कुठे हवेत हे टाइल लावायच्या आधी भिंतीवर खडूने लिहा. मिक्सर, फिल्टर, फ्रिज, ओव्हन. ओव्हनसाठी सोळा अँपिअरचा पॉइंट. चिमणी शेगडीपासून सव्वादोन ते अडीच फुटांवर बसते, तिचा पाइप सहा इंची ठेवा आणि वळणं कमीत कमी. शेंगतेलात चटणीची फोडणी रोज बसणाऱ्या घरात प्रत्येक वळणावर तेलकट थर साचतो.

रंग

हळदीच्या शहरात राहतो, तेव्हा हे आधी सांगते: ओट्याजवळच्या शटरना पांढरं मॅट लॅमिनेट घेऊ नका. हळदीचा हात लागला आणि लगेच पुसला नाही तर पिवळी छटा राहते. बदामी, मातकट, फिकट तपकिरी असे मधले रंग घ्या. चकचकीत फिनिशवर बोटांचे ठसे दिसतात, पण पुसणं सोपं. पांढरं हवंच असेल तर वरच्या कपाटांना करा. नमुन्याच्या तुकड्यावर तेलात कालवलेली हळद लावा, दुसऱ्या दिवशी धुवा आणि मग ठरवा.

कोटेशन आणि पैसे

एक जण रनिंग फुटावर म्हणजे नुसत्या लांबीच्या फुटावर दर देतो, दुसरा चौरस फुटावर, तिसरा एकरकमी. हे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. तिघांनाही एकच आराखडा द्या आणि यादी मागा: बोर्डाचा प्रकार, जाडी, मानक क्रमांक, लॅमिनेटची जाडी, प्रत्येक ट्रॉलीचं माप आणि स्टील, चॅनेल व बिजागरीची कंपनी आणि नग, हँडल, वाहतूक, बसवणूक, जीएसटी धरून की वगळून. ‘चांगल्या कंपनीचं’ असं लिहिलं असेल तर नाव लिहून घ्या.

अंतिम माप टाइल आणि ओटा झाल्यावरच घेतलं जावं. आधी घेतलेल्या मापावर केलेल्या शटरना अर्धा-पाऊण इंच कमी पडतो, आणि मग पट्ट्या मारून वेळ निभावली जाते.

सगळे पैसे एकदम देऊ नका. थोडा भाग सुरुवातीला, मोठा भाग माल वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष बघितल्यावर, पुढचा बसवताना, आणि शेवटचा दहा टक्के सगळी तपासणी झाल्यावर.

ती तपासणी अशी करा. प्रत्येक ट्रॉलीत खरं सामान भरून पूर्ण बाहेर ओढा. रिकामी ट्रॉली नेहमीच हलकी चालते. सगळी शटरं एकदम बंद करून फटी सारख्या आहेत का बघा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली कोरडा कागद ठेवून पाइपचा प्रत्येक जोड तपासा. शटरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा, एज बँड आहे की नाही ते लगेच कळतं. बिल, वॉरंटी कार्ड आणि उरलेल्या लॅमिनेटचा तुकडा मागून घ्या. सहा महिन्यांनी बिजागऱ्या पुन्हा एकदा आवळून द्यायचं ठरलं असेल तर तेही बिलावर लिहून घ्या.